भुयारी कृंतक आणि नेकेड मोल रॅट : सगळे श्रेय बिळालाच द्यावे का?

शोधयात्री

जमिनीखाली राहणाऱ्या कृंतकांविषयी (म्हणजे उंदीर-घुशींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांविषयी) गेले काही महिने सवडीने वाचत आहे, आणि वाचता वाचता एक गोष्ट सारखी खटकू लागल्यामुळे हा धागा काढत आहे.

पूर्व आफ्रिकेतल्या नेकेड मोल रॅटचे नाव येथील अनेकांनी ऐकले असेल. वजन जेमतेम ३०-३५ ग्रॅम, अंगावर नावापुरते केस, डोळे असून नसल्यासारखे. आणि एवढ्याशा जिवाचे आयुष्य मात्र ३० वर्षांहून अधिक. तेवढ्याच वजनाचा साधा उंदीर चार वर्षे जगला तरी फार झाले. हा प्राणी प्राणवायूशिवाय १८ मिनिटे तग धरू शकतो, आम्ल लागले तरी त्याच्या कातडीची आग होत नाही, कर्करोग त्याला क्वचितच होतो, आणि मुंग्या-मधमाश्यांप्रमाणे त्याच्या वसाहतीत एकच राणी पिल्ले घालते.

या साऱ्याचे स्पष्टीकरण बहुतेक लेखांत एका वाक्यात उरकलेले असते : ‘जमिनीखालच्या जीवनाशी जुळवून घेतल्यामुळे.’ माझे घोडे अडते ते इथेच. जमिनीखाली राहणारे कृंतक काही थोडेथोडके नाहीत. उत्तर अमेरिकेत पॉकेट गोफर आहेत, दक्षिण अमेरिकेत टुको-टुको, भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे आंधळे मोल रॅट, आशियाच्या पठारांवर झोकोर. यांतले बहुतेक एकेकटे राहतात, अंगावर दाट फर बाळगतात आणि माझ्या समजुतीप्रमाणे चारचौघा उंदरांइतकेच जगतात. बीळ हे एवढे समर्थ कारण असेल, तर ते एकाच प्राण्याच्या बाबतीत एवढे का फळले आणि बाकीच्यांच्या बाबतीत का नाही? जाणकारांची मते वाचायला आवडतील.

तळटीप

विषय चांगला आहे. चर्चेपूर्वी एक भेद स्पष्ट करून घेऊ, कारण तो न केल्यास पुढे गोंधळ अटळ आहे. बिळात राहणारा प्राणी वेगळा आणि बिळात जगणारा प्राणी वेगळा. प्रेअरी डॉगचे बीळ प्रशस्त असते, पण तो चरतो उन्हात. पॉकेट गोफर किंवा नेकेड मोल रॅट यांचे खाणे, पिल्ले, मलविसर्जन, भांडण-तंटा, सर्व काही मातीच्या आत चालते. शोधयात्रींचा प्रश्न या दुसऱ्या गटाविषयी आहे, असे मी गृहीत धरतो.

दोहोंच्या सीमेवर बसलेले प्राणीही आहेत. इथिओपियातल्या बाले पर्वतावरचा मोठ्या डोक्याचा मोल रॅट बिळाच्या तोंडाशी येऊन आसपासची पाने ओरबाडतो आणि ती घेऊन मागच्या मागे आत जातो. तेवढ्याच क्षणांवर इथिओपियन लांडग्याची गुजराण चालते.

तिरकस

अवांतर : ‘मोल रॅट’ हे नाव ज्याने ठेवले त्याला विचारायला हवे. नेकेड मोल रॅट हा मोल नाही, कारण मोल हा मातीत बोगदे काढणारा कीटकभक्षी प्राणी, कृंतकच नव्हे. आणि हा रॅटही नाही, कारण त्याचे कुळ उंदरांपेक्षा गिनीपिग आणि साळिंदर यांना अधिक जवळचे आहे. नावातले ‘नेकेड’ तेवढे खरे आहे, आणि तेही पूर्ण नाही.

तळटीप

तिरकस, तुमच्या अवांतरात मुद्दा आहे. आफ्रिकेतले बहुतेक मोल रॅट एका कुळातले, आंधळे मोल रॅट आणि झोकोर दुसऱ्या कुळातले, गोफर तिसऱ्या, टुको-टुको चौथ्या. मातीखाली जाण्याची वाट कृंतकांनी अनेकदा, एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधली. त्यामुळे शोधयात्रींच्या प्रश्नाची परीक्षा घेण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे : जे या सर्वांत समान असेल, त्याचे श्रेय बिळाला, जे एखाद्यातच असेल, त्याचे कारण अन्यत्र शोधावे.

प्रयोगवही

तळटीप यांची कसोटी मान्य आहे. मी शरीररचना शिकवते, म्हणून समान काय आहे तेथून सुरुवात करते.

पहिली गोष्ट खोदकामाच्या खर्चाची. डी. व्लेक यांनी १९७९ मध्ये पॉकेट गोफरवर मोजमापे केली आणि असे दाखवले, की मातीतून एक मीटर बोगदा काढायला लागणारी ऊर्जा तेवढेच अंतर जमिनीवरून चालून जाण्याच्या ३६० ते ३४०० पट असते. एवढी मोठी तफावत माती भुसभुशीत आहे की चिकट, यावर अवलंबून आहे. या एका आकड्यातून पुष्कळ गोष्टी उलगडतात. बोगद्याचा व्यास जेवढा वाढेल तेवढी उपसायची माती वाढते, म्हणून शरीर सुटसुटीत नळकांडीसारखे, पाय आखूड, बाह्यकर्ण जवळजवळ नाहीत आणि शेपूट बहुधा छोटी. वळायला जागा नसल्यामुळे हे प्राणी जितक्या सहजतेने पुढे धावतात तितक्याच सहजतेने मागेही धावतात.

खोदण्याची हत्यारे मात्र वेगवेगळी आहेत. झोकोर आणि केपचा ड्यून मोल रॅट पुढच्या पायांच्या लांब नखांनी उकरतात. नेकेड मोल रॅट आणि आंधळा मोल रॅट पटाशीच्या दातांनी माती कुरतडतात. नेकेड मोल रॅटच्या शरीरातील एकूण स्नायूंपैकी सुमारे चतुर्थांश स्नायू एकट्या जबड्याचे असतात, आणि त्याचे खालचे दोन पटाशीचे दात चिमट्याच्या दोन पात्यांसारखे एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलतात. २००२ मध्ये केनेथ कॅटानिया आणि मायकेल रेम्पल यांनी त्याच्या मेंदूचा नकाशा काढला, तेव्हा स्पर्शज्ञानाच्या भागाचा जवळपास एक-तृतीयांश हिस्सा केवळ या दातांसाठी राखलेला आढळला. आपल्याला बोटांची टोके, तसे त्याला दात.

शंकासुर

प्रश्न बाळबोध आहे, तरी विचारतो. दातांनी माती खोदायची म्हणजे तोंडात माती जात नाही का?

प्रयोगवही

प्रश्न मुळीच बाळबोध नाही. या प्राण्यांचे ओठ पटाशीच्या दातांच्या मागे मिटतात. दात ओठांच्या बाहेर राहतात आणि तोंड बंद असते, त्यामुळे तोंड न उघडताच खोदता येते. ही सोय दातांनी खोदणाऱ्या अनेक कुळांत स्वतंत्रपणे आलेली आहे.

चांदणझुला

मी हे प्राणी एका प्राणिसंग्रहालयात काचेच्या नळ्यांत पाहिले आहेत, तो अनुभव लिहिते. पहिल्यांदा किळस येते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. कातडी गुलाबी, सैल, घड्या पडलेली, जणू दोन मापे मोठा अंगरखा घातला आहे. थोडा वेळ थांबले, तेव्हा दोन्ही बाजूंना विरळ, लांब, रांगेत लावल्यासारखे केस दिसले. त्यातला एखादा केस नळीच्या भिंतीला टेकला, की तो प्राणी अचूक त्याच बाजूला तोंड वळवत असे.

दोन प्राणी समोरासमोर आले की एक अंग चोरून खाली बसे आणि दुसरा त्याच्या पाठीवरून पुढे जाई. कोणी कोणाच्या वरून जायचे याचा काही नियम असावा, असे वाटले. राणी कोणती ते मात्र मला अखेरपर्यंत ओळखता आले नाही. तिथल्या माहितीफलकावर लिहिले होते, की ‘ती सर्वांत मोठी असते’. पण सगळेच एकमेकांवर ढिगाने झोपलेले असताना मोठे कोण ते कसे कळणार?

प्रयोगवही

चांदणझुला, ते केस म्हणजे स्पर्शकेस. प्रत्येक बाजूला सुमारे ४० असतात आणि अंधारात मांजरीच्या मिशांचे काम करतात. तिरकस यांनी म्हटले तेच खरे, ‘नेकेड’ हे नाव पूर्ण खरे नाही.

पाठीवरून जाण्याचा नियम तुम्ही बरोबर हेरला आहे. श्रेष्ठ प्राणी वरून जातो, कनिष्ठ खालून. राणी ओळखायची असेल तर जाडी पाहू नका, कंबर पाहा. मादी राणी झाल्यावर तिच्या कमरेचे मणके लांबतात. एका वेतात कधीकधी २० हून अधिक पिल्ले असतात, आणि पोटाचा घेर वाढला तर ती बोगद्यात अडकेल. म्हणून शरीर रुंदीऐवजी लांबीत वाढते.

तिरकस

म्हणजे बढती मिळाल्यावर पाठीचा कणा ताठ होणारा हा एकमेव प्राणी. इतरत्र उलटे पाहिले आहे.

भूगर्भ

हवेच्या मुद्द्याकडे वळतो, कारण ‘बिळात प्राणवायू कमी, म्हणून सहनशक्ती अधिक’ हे वाक्य जितक्या वेळा वाचले जाते तितक्या वेळा तपासले जात नाही.

प्रयोगशाळेतील निष्कर्षांविषयी वाद नाही. २०१७ मध्ये थॉमस पार्क आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले, की शून्य प्राणवायूत उंदीर मिनिटभरही टिकत नाही, तर नेकेड मोल रॅट १८ मिनिटांनी बाहेर काढल्यावर सावरतो. प्राणवायू संपला, की त्याचा मेंदू आणि हृदय ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोज जाळू लागतात. या मार्गाने प्राणवायूशिवाय ऊर्जानिर्मिती चालू राहते आणि नेहमीच्या मार्गावर जिथे अडसर पडतो तो टप्पाच टळतो. आपल्या शरीरातही ही यंत्रणा आहे, पण ती मुख्यतः आतडे, यकृत आणि मूत्रपिंडांत.

प्रश्न असा, की त्याच्या नैसर्गिक बिळात अशी वेळ खरोखर येते का? पूर्व आफ्रिकेत प्रत्यक्ष बोगद्यांतली हवा मोजली गेली, तेव्हा ती पाठ्यपुस्तकांत रंगवली जाते तितकी कोंदट आढळली नाही. माझ्या मते खरी टंचाई बोगद्यात नसून झोपण्याच्या कोठडीत असावी, जिथे कित्येक प्राणी एकमेकांवर रचून झोपतात आणि तळाशी असलेल्यांना इतरांनी सोडलेलीच हवा मिळते. तसे असेल तर कारण बीळ नव्हे, गर्दी. शोधयात्रींच्या बाजूने हा एक मुद्दा धरावा.

कंदमूळ

भूगर्भ, मुद्दा पटतो, पण अर्धाच. एकट्याने राहणारा आंधळा मोल रॅटसुद्धा प्राणवायूची कमतरता उत्तम सहन करतो, आणि त्याच्या कोठडीत गर्दी कसली? जड मातीत पाऊस मुरला की बोगद्याशी हवेची देवाणघेवाण थांबते आणि त्याच वेळी त्याला कोसळलेले बोगदे दुरुस्त करण्यासाठी सर्वाधिक श्रम करावे लागतात. येथे गर्दी नाही, माती आहे.

याशिवाय शोधयात्रींच्या मूळ लेखनात एक चूक आहे आणि ती दाखवणे भाग आहे. आंधळा मोल रॅट ‘चारचौघा उंदरांइतकाच’ जगत नाही. बंदिवासात तो २० वर्षांपर्यंत पोहोचतो. त्याला कर्करोगही सहजासहजी होत नाही. म्हणजे दीर्घायुष्य आणि कर्करोगाला प्रतिकार या दोन गोष्टी केसाळ आणि एकलकोंड्या प्राण्यातही सापडतात.

शोधयात्री

कंदमूळ, दुरुस्तीबद्दल आभार. मी गोफरचे आयुष्य वाचले होते, जे मोजक्या वर्षांचे असते, आणि तेच सर्वांना लावून मोकळा झालो. म्हणजे ज्या चुकीबद्दल मी इतरांना नावे ठेवत होतो तीच मी स्वतः केली. मात्र यामुळे प्रश्न सुटत नाही, उलट अवघड होतो : आंधळ्या मोल रॅटला २० वर्षे आणि गोफरला मोजकीच, असे का?

प्रयोगवही

कर्करोगाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण येथे तळटीप यांची कसोटी फारच उपयोगी पडते. वेरा गोर्बुनोवा आणि आंद्रेई सेलुआनोव्ह यांच्या प्रयोगशाळेने दोन्ही प्राण्यांच्या पेशी तपासल्या. आंधळ्या मोल रॅटच्या पेशी प्रमाणाबाहेर वाढू लागल्या, की एक विशिष्ट इंटरफेरॉन (इतर पेशींना इशारा देणारे प्रथिन) स्रवतात आणि सामुदायिकरीत्या मरतात, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. नेकेड मोल रॅटच्या पेशींची तऱ्हा वेगळी. त्याच्या ऊतींत हायलुरोनन हा चिकट पदार्थ असाधारण लांब रेणूंच्या रूपात साठतो आणि पेशींची दाटी होण्याआधीच वाढ थांबवतो, असे २०१३ मध्ये त्यांनी मांडले. २०२३ मध्ये त्या पदार्थाशी संबंधित जनुक उंदरांत घातले, तेव्हा त्यांच्या मध्यम आयुर्मानात सुमारे ४.४ टक्के वाढ झाली. वाढ लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणजे परिणाम सारखा, उपाय निराळे. याचा अर्थ मी असा लावते, की दीर्घायुष्याची गरज दोघांनाही समान परिस्थितीने निर्माण केली आणि ती भागवण्याची तजवीज ज्याने त्याने आपल्या परीने केली. शिवाय ‘त्याला कर्करोग होतच नाही’ हे विधान टाळावे. २०१६ मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या नेकेड मोल रॅटमध्ये गाठी आढळल्याची नोंद झाली आहे.

मितभाषी

वाचत आहे. रुमाल टाकून ठेवतो.

तळटीप

समान परिस्थिती म्हणजे शिकाऱ्यांपासून सुरक्षितता, हे उत्तर रूढ आहे. ज्याला दुसऱ्याच्या तोंडी जाण्याची धास्ती नाही, त्याच्या शरीराच्या देखभालीत गुंतवणूक करणे उत्क्रांतीला परवडते. गोफरचे काय, असे शोधयात्री विचारतील. गोफर चारा ओढण्यासाठी अधूनमधून बिळाबाहेर तोंड काढतो, आणि तरुण गोफर आईचे बीळ सोडून जमिनीवरून नव्या जागी जातात. बिजूसारखे प्राणी तर त्यांना खोदून काढतात. सगळ्या बिळांची सुरक्षितता एकसारखी नसते.

भूगर्भ

हे उत्तर मला जरा जास्तच सोयीचे वाटते. ज्या प्राण्याचे आयुष्य मोठे त्याचे बीळ सुरक्षित म्हणायचे आणि ज्याचे छोटे त्याचे असुरक्षित, हा उलटा हिशेब झाला. शिवाय एक निरीक्षण या चौकटीत बसत नाही. झांबियातल्या अन्सेल मोल रॅटच्या एकाच कुटुंबात, एकाच पिंजऱ्यात, एकाच आहारावर असणारे प्रजननक्षम प्राणी आपल्या अविवाहित भावंडांच्या जवळपास दुप्पट जगतात. फिलिप डामान आणि हायनेक बुर्डा यांनी २००६ मध्ये ते दाखवले. पिंजऱ्यात शिकारी नाही, बीळही नाही. तरीही फरक उरतो.

तिरकस

संसारामुळे आयुष्य वाढते, या निष्कर्षाची शास्त्रीय नोंद झाल्याबद्दल विवाहित सदस्यांच्या वतीने निषेध नोंदवतो.

कंदमूळ

तिरकस यांचा निषेध नोंदवून घेऊन पुढे जाऊ.

ज्ञानेंद्रियांविषयी अजून कोणी लिहिले नाही. आंधळ्या मोल रॅटचा डोळा एक मिलिमीटरहून लहान असतो आणि तो पूर्णपणे कातडीखाली, केसांखाली गाडलेला असतो. त्याला चित्र दिसत नाही. तरीही तो डोळा निकामी नाही : दिवस-रात्रीचा प्रकाश ओळखून शरीराचे घड्याळ लावण्याचे काम तो करतो.

संपर्कासाठी हा प्राणी डोके बोगद्याच्या छताला आपटतो आणि शेजारी ती कंपने मातीतून ग्रहण करतो. एवढेच नव्हे, तर संशोधकांनी त्याच्या बोगद्यात अडथळे निर्माण केले तेव्हा त्याने अडथळ्याच्या आकारानुसार, योग्य त्या अंतरावरून वळसा घालून नवा बोगदा काढला. ताली किमची आणि जोसेफ टेर्केल यांनी असे सुचवले, की तो स्वतःच्या कंपनांचे प्रतिध्वनी वापरत असावा.

दिशाज्ञान तर थक्क करणारे आहे. अन्सेल मोल रॅट गोल रिंगणात ठेवला तर तो घरटे आग्नेय दिशेला बांधतो, आणि कृत्रिम चुंबकीय क्षेत्र फिरवले तर घरट्याची जागाही त्याप्रमाणे फिरते, हे बुर्डा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले. हे सर्व काळोखातही घडते, म्हणून डोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नसावा, असे अनेकांना वाटे. २०२० मध्ये मात्र डोळे काढलेल्या प्राण्यांची आग्नेयेची आवड नाहीशी झाल्याचे दिसले. घरटी ते पूर्वीसारखीच बांधत होते, पण कुठेही. म्हणजे ज्या डोळ्याला आपण निरुपयोगी अवशेष म्हणत होतो, त्यात बहुधा होकायंत्र बसवलेले आहे.

शंकासुर

डोळा बघण्यासाठी नसून दिशा कळण्यासाठी! हे वाचून दोन मिनिटे स्वस्थ बसलो.

मग टुको-टुकोचे काय? त्याचेही डोळे गेलेले असतात ना?

कंदमूळ

नाही, टुको-टुकोचे डोळे चांगले असतात. गैरसमजाचे मूळ जुने आहे. डार्विनने दक्षिण अमेरिकेत एक टुको-टुको पाळला होता आणि तो आंधळा होता; विच्छेदन केल्यावर पापणीच्या आतल्या पडद्याला आलेली सूज हे त्याचे कारण निघाले. वारंवार डोळे सुजत असतील, तर ते लहान होऊन कातडीने झाकले जाणे फायद्याचे ठरेल, असा तर्क त्याने त्यावरून केला. तर्क मला आजही पटतो, पण टुको-टुको त्या वाटेने गेला नाही.

चांदणझुला

समाजरचनेबद्दल कोणी लिहील का? शोधयात्रींचा प्रश्न तिथूनच सुरू झाला होता.

तळटीप

लिहितो, आणि येथे मला बिळाचीच बाजू घ्यावी लागणार आहे.

१९७०च्या दशकात रिचर्ड अलेक्झांडर हे जीवशास्त्रज्ञ आपल्या व्याख्यानांत एक कल्पनाचित्र मांडत असत. मुंग्या किंवा वाळवीसारखा समाज एखाद्या सस्तन प्राण्यात निर्माण झालाच, तर तो प्राणी कसा असेल? त्यांचे उत्तर असे : तो कृंतक असेल, उष्ण प्रदेशात टणक जमिनीखाली राहील, मोठमोठ्या कंदांवर जगेल, त्याचे घर सुरक्षित आणि हवे तेवढे वाढवता येण्यासारखे असेल. असा प्राणी अस्तित्वात आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. एका व्याख्यानानंतर श्रोत्यांतल्या एका सस्तनप्राणी-तज्ज्ञाने त्यांना सांगितले, की हे तर नेकेड मोल रॅटचे वर्णन झाले. १९८१ मध्ये जेनिफर जार्विस यांनी ‘सायन्स’मध्ये त्याची समाजरचना प्रसिद्ध केली, ती जवळपास त्या चित्राबरहुकूम होती : एक राणी, एक ते तीन नर, आणि बाकीचे सर्व राबणारे. वसाहतीत साधारण ७०-८० प्राणी, क्वचित ३०० पर्यंत.

अंदाज जर बिळाकडे पाहून बांधला होता आणि खरा ठरला, तर बिळाचे श्रेय कसे नाकारता येईल?

भूगर्भ

तळटीप, अलेक्झांडर यांच्या चित्रात बिळाइतकेच कंदही होते, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. नेकेड मोल रॅट ज्या कंदांवर जगतो, त्यातला एखादा ५० किलोपर्यंत भरू शकतो. तो सापडला तर वसाहतीची ददात मिटते, कारण हे प्राणी कंद आतून पोखरतात, साल शाबूत ठेवतात, आणि कंद पुन्हा भरून येतो. पण दोन कंदांमधले अंतर मोठे असते, आणि दगडासारखी झालेली जमीन केवळ पावसानंतर खोदता येते. त्या थोड्या दिवसांत एकटा प्राणी आंधळेपणाने खोदत राहिला, तर कंद सापडण्यापूर्वी तोच संपेल. रांगेत उभे राहून खोदणारे दहा असतील, तर पहिला दात चालवतो, मधले माती मागे लोटतात आणि शेवटचा ती मागच्या पायांनी भोकाबाहेर कारंज्यासारखी उडवतो. म्हणजे समाज बिळाने घडवलेला नाही. कोरड्या जमिनीत दूरदूर विखुरलेल्या कंदांनी घडवलेला आहे. गोफर ओलसर, मुळांनी भरलेल्या मातीत राहतो, त्याला साथीदाराची गरजच काय?

प्रयोगवही

भूगर्भ यांचे स्पष्टीकरण माझेही आवडते होते, पण कलाहारीतल्या डामारालँड मोल रॅटने त्याला छेद दिला आहे. याही प्रजातीत एकच मादी प्रजनन करते, म्हणून तिची गणना नेकेड मोल रॅटच्या जोडीने होई. मार्कुस झ्योट्ल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले, की त्यांच्यात कायमच्या कामकरी जाती नाहीत. वयानुसार काम बदलते, इतकेच. आणि त्यानंतरच्या दीर्घ क्षेत्रीय अभ्यासात एकट्या माद्या त्याच कोरड्या वाळूत दीर्घकाळ टिकून राहिल्याचे आढळले. मदतनीस नसले म्हणजे मरण ठरलेले, असे नाही.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. टुको-टुकोच्या अनेक प्रजातींपैकी अर्जेंटिनातल्या एका प्रजातीत माद्या एकत्र बिळात राहतात. त्यांना ५० किलोचे कंद मिळत नाहीत. एखाद्या सूत्रात सर्व बसवण्याचा मोह मी तरी आता सोडला आहे.

तिरकस

राणी कारभार चालवते कसा, हे कोणी सांगेल का? केवळ अभ्यासापुरते विचारतो.

प्रयोगवही

ढकलून. ती बोगद्यातून फिरताना कामकऱ्यांना नाकाने रेटत मागे नेते. इतर माद्यांचे बीजकोश अपरिपक्व अवस्थेत राहतात, आणि राणी मेली की त्यांच्यापैकी काहींमध्ये जीव जाईपर्यंत मारामाऱ्या होतात. पिल्लांना सांभाळायला लावण्याची तऱ्हा आणखी विलक्षण आहे : कामकरी राणीची विष्ठा खातात, तिच्यातील इस्ट्रोजेनमुळे त्यांना पिल्लांच्या हाकेला ओ देण्याची ओढ लागते. २०२१ मध्ये असेही प्रसिद्ध झाले, की प्रत्येक वसाहतीची चिवचिवाटाची स्वतःची बोली असते, ती पिल्ले तिथेच शिकतात, आणि राणी नसेल तेव्हा बोली विस्कळीत होते.

मितभाषी

रुमाल टाकला होता, आता लिहितो. संपूर्ण धाग्यात बिळाने प्राण्याला काय केले याचीच चर्चा आहे. प्राण्याने मातीला काय केले, हे कोणी विचारलेले नाही, आणि माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे.

१८ मे १९८० रोजी अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सचा उद्रेक झाला. डोंगराच्या उतारांवर राखेचा आणि पमिसचा (ज्वालामुखीतून पडणाऱ्या हलक्या, सच्छिद्र दगडाचा) थर बसला, जमिनीवरचे जवळपास सर्व जीव मेले. पॉकेट गोफर मात्र त्या वेळी बिळात होते, त्यांतले काही वाचले, आणि सवयीप्रमाणे खोदत राहिले. त्यांनी वर लोटलेल्या जुन्या मातीत बिया होत्या आणि वनस्पतींच्या मुळांना साथ देणाऱ्या बुरशा होत्या. पमिसच्या उजाड पटांगणात त्या ढिगाऱ्यांवर रोपे उगवू लागली. पुढे १९८३ मध्ये संशोधकांनी काही कुंपण घातलेल्या तुकड्यांत गोफर आणून केवळ एक दिवस सोडले. सहा वर्षांनी त्या तुकड्यांत हजारो रोपे वाढलेली होती, आजूबाजूची जमीन बहुतांशी उघडी होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या एका दिवसाचा परिणाम मातीतल्या बुरशा आणि जिवाणूंमध्ये चार दशकांनंतरही दिसून आला.

शंकासुर

एका दिवसाच्या कामावर चाळीस वर्षे नाव! पण मग शेतकरी गोफरवर एवढे का चिडतात?

मितभाषी

कारण त्याच खोदकामात पिकांची मुळेही जातात. मी गोफरची भलामण करत नाही. झोकोरला चराऊ कुरणांचा शत्रू ठरवून विषप्रयोग केले गेले, आणि त्याच प्राण्याचे ढिगारे मातीत हवा खेळवतात, पाणी मुरवतात, नव्या बियांना जागा देतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२०२२ मध्ये फ्लोरिडातल्या गोफरविषयी एक गमतीदार दावा प्रसिद्ध झाला. त्याच्या बोगद्यात डोकावणारी मुळे तो कुरतडतो, ती पुन्हा वाढतात, आणि त्याच्या दैनंदिन ऊर्जेच्या २० ते ६० टक्के गरज अशा मुळांतून भागते. म्हणून संशोधकांनी त्याला ‘शेती’ म्हटले. पेरणी नाही, निंदणी नाही, तर शेती कसली, असा आक्षेप लगेच घेतला गेला. मला आक्षेप रास्त वाटतो. पण बोगदा म्हणजे नुसता रस्ता नसून मुळे पकडण्याचे जाळे आहे, ही दृष्टी त्यातून मिळाली, आणि व्लेक यांच्या ३४०० पटीच्या हिशेबाकडे वेगळ्या नजरेने पाहता आले. बोगदा एकदाच खोदला जातो, मुळे मात्र वर्षानुवर्षे त्यात येत राहतात.

भूगर्भ

उत्तम प्रतिसाद. फ्रुक्टोजवर माझे तीन परिच्छेद खर्ची पडले आणि खरी गोष्ट यांनी सांगितली.

शोधयात्री

सर्वांचे आभार. धागा काढताना माझी समजूत होती, की बिळाला दिलेले श्रेय काढून घेऊन दुसऱ्या कोणाला तरी द्यायचे आहे. तळटीप यांची कसोटी लावल्यावर माझ्यापुरता हिशेब असा लागतो : नळकांडीसारखे शरीर, दातांमागे मिटणारे ओठ, मागे धावण्याची हातोटी, हे बिळाचे. प्राणवायूच्या कमतरतेत तग धरणे हे बिळाचे, पण गर्दीने ते टोकाला नेलेले असू शकते. दीर्घायुष्याच्या बाबतीत बिळाने दार उघडले असेल. गोफर त्यातून आत गेला नाही आणि अन्सेल मोल रॅटची अविवाहित भावंडे उंबरठ्यावर राहिली, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. समाजरचना आणि उघडी कातडी यांना मी बिळाच्या खात्यावर टाकणार नाही.

कातडीबद्दल मात्र कोणीच काही लिहिले नाही.

प्रयोगवही

राहून गेले. नेकेड मोल रॅटच्या बोगद्यात तापमान ३० अंशांच्या आसपास स्थिर असते आणि त्याच्या शरीराचे तापमान साधारण ३२ अंश. इतर सस्तन प्राण्यांप्रमाणे ते आतून राखण्याची त्याची क्षमता तुटपुंजी आहे. थंडी वाजली की तो जमिनीच्या पृष्ठभागालगतच्या, उन्हाने तापलेल्या बोगद्यात जाऊन भिंतीला अंग टेकवतो, किंवा ढिगात शिरतो. मध्ये फर असती तर ही उष्णता घेता आली नसती. पण जो ढिगात शिरू शकत नाही, त्याला असे उघडे राहणे परवडणार नाही, म्हणून एकलकोंड्यांनी फर ठेवली. बिळाच्या खात्यावर टाकणार नसाल, तर शेजाऱ्यांच्या खात्यावर टाका.

चांदणझुला

आज त्या भेटीत काढलेली चित्रफीत पुन्हा काढून पाहिली. प्रयोगवही यांनी सांगितल्याप्रमाणे कंबर पाहत गेले आणि राणी सापडली. इतरांपेक्षा दीडपट लांब वाटावी अशी, आणि नळीतून येताना प्रत्येकाच्या पाठीवरून जाणारी. एका वळणावर मात्र एक कामकरी आडवा झोपलेला आहे. ती त्याला नाकाने दोनदा ढकलते, तो हलत नाही, आणि मग ती मागच्या मागे, त्याच वेगाने, आल्या वाटेने परत जाते.

तिरकस

तो कामकरी कोणत्या नळीत राहतो, ते कळवा. भेटायचे आहे.